साप काय खातो, की साप कोण आहे?

मागच्या एका पावसाळ्यात मंगरूळपीरजवळच्या एका खेड्यातील शाळेत सापांविषयी बोलायला गेलो होतो. तास संपला. नेहमीचे प्रश्न येऊन गेले. साप दूध पितो का, डूख धरतो का, नागाच्या डोक्यात मणी असतो का, या सर्वांना "नाही" असे उत्तर देऊन मी खडूची धूळ झटकत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, गोगलगायी खानारा एखादा साप रायते का? असला तं आमच्या वावरात सोडून द्या!"

सारा वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. सोयाबीनचे कोवळे रोप गोगलगायींनी रातोरात कुरतडून टाकलेले ज्याने पाहिले आहे, त्याला हा प्रश्न विनोदी वाटणार नाही. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी केलेला घात वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्याही कानांवर आला होता. मुलाचा प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर "होय, असे साप असतात" एवढेच देऊन मी सुटू शकलो असतो. परंतु ते उत्तर अर्धे ठरले असते, आणि अर्धे उत्तर कसे घातक असते याचा पुरावा त्याच दिवशी शाळेच्या कुंपणापाशी पडलेला होता. त्याची हकीकत पुढे सांगतो.

आधी गोगलगाय खाणाऱ्या सापांविषयी.

ईशान्य भारतात आणि तिथून पुढे आग्नेय आशियात 'पारेयास' नावाच्या प्रजातीचे साप राहतात. (लक्षात ठेवा, आपल्या शास्त्रीय मराठीत वर्गीकरणाचा शेवटचा टप्पा म्हणजे 'जाती' आणि तिच्या वरचा टप्पा म्हणजे 'प्रजाती', प्रजातीच्या वर 'कुल'.) पारेयास साप बारीक, निरुपद्रवी आणि निशाचर असतात. त्यांचे तोंड बोथट असते. त्यांचे मुख्य अन्न म्हणजे गोगलगायी. काही जाती शंख असलेल्या गोगलगायी खातात, तर काही बिनशंखाच्या, म्हणजे पावसाळ्यात भिंतीवर चकाकणारी चिकट रेघ ओढत जाणाऱ्या.

शंखातली गोगलगाय खाणे सोपे नाही. हे साप शंख फोडत नाहीत. खालचा जबडा शंखाच्या तोंडातून आत सरकवून, त्याची उजवी आणि डावी बाजू आळीपाळीने मागे ओढत, ते आतला मऊ जीव बाहेर काढतात. आता एक गंमत पाहा. बहुतेक गोगलगायींचे शंख उजवीकडे वळलेले असतात. जपानच्या दक्षिणेकडील बेटांवर राहणाऱ्या पारेयास इवासाकी या सापाचे दात शास्त्रज्ञांनी मोजले. खालच्या जबड्यात उजव्या बाजूला सरासरी सुमारे २५ दात, तर डाव्या बाजूला सुमारे १८! हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. शंखाच्या वळणाने सापाच्या जबड्याला जणू 'उजवे' करून टाकले. याच कुलातील जी जाती बिनशंखाच्या गोगलगायी खाते, तिच्या जबड्यात हा भेद आढळला नाही. जिथे वळण नाही, तिथे उजव्या-डाव्याचे कारणही नाही.

इथपर्यंत सगळे सरळ वाटते. गोगलगाय खाणारा साप, त्याला साजेसा जबडा, आणि त्यावरून त्याचा गट. परंतु घोटाळा इथेच सुरू होतो.

दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांत 'दिप्सास' नावाचे साप आहेत. तेही बारीक, तेही निशाचर, तोंडही तसेच बोथट, आणि अन्नही तेच, गोगलगायी. इतर बहुतेक सापांच्या हनुवटीखाली मधोमध एक चर असतो. मोठे भक्ष्य गिळताना तिथली कातडी ताणली जाते. पारेयासच्या हनुवटीखाली असा चर नाही, आणि दिप्सासच्याही नाही. मग एखाद्या विद्वानाने दोघांना एकाच घरात बसवले तर त्याला दोष कसा द्यावा? भारतातल्या पारेयास मॉन्टिकोला या सापाचे वर्णन थिओडोर कँटर यांनी १८३९ साली प्रथम केले, तेव्हा त्यांनी त्याला 'दिप्सास मॉन्टिकोला' असेच नाव दिले होते. अर्थात त्या काळी दिप्सास हे नाव फार सैल हाताने वापरले जाई. पण पुढे १८९६ साली जॉर्ज बूलेंजर यांच्यासारख्या काटेकोर शास्त्रज्ञानेही ब्रिटिश संग्रहालयाच्या सापांच्या सूचीत आशियातले आणि अमेरिकेतले हे साप एकाच कुलात ठेवले.

आज आपल्याला ठाऊक आहे की ते एका कुलातले नाहीत. सापांच्या वंशवृक्षावर पारेयास एका फांदीवर आहे आणि दिप्सास दूरच्या दुसऱ्या फांदीवर. दोघांच्या पूर्वजांनी वेगवेगळ्या खंडांत, एकमेकांशी संबंध न येता, गोगलगायी खाण्याचा धंदा पत्करला आणि त्या धंद्याने दोघांची तोंडे सारखी घडवली. गावातले दोन सुतार हातांवरच्या घट्ट्यांवरून भाऊ ठरत नाहीत, तसेच हे आहे.

आणखी दोन उदाहरणे देतो. दक्षिण आफ्रिकेत 'दुबेरिया' नावाचा एक लहानसा साप बिनशंखाच्या गोगलगायी खातो. त्याचे जवळचे नातलग मादागास्कर बेटावर आहेत. उत्तर अमेरिकेत 'स्टोरेरिया' नावाचा तपकिरी साप बागांमधून गोगलगायी आणि गांडुळे खात फिरतो. त्याचे नातलग कोण असावेत? तुमच्या ओढ्याकाठची नानेटी आणि विहिरीतली दिवड! हे सर्व एकाच उपकुलातले. नानेटी बेडूक खाते, दिवड मासे आणि बेडूक खाते, आणि त्यांचा अमेरिकेतला भाऊबंद गोगलगायी खातो. म्हणजे ज्यांचे अन्न एक, त्यांची कुळे निराळी. आणि ज्यांचे कूळ एक, त्यांचे अन्न निराळे.

याच्या उलट बाजूची गोष्ट तर आपल्या सह्याद्रीतलीच आहे. केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांत 'झायलोफिस' नावाचे लहान साप जमिनीखाली राहतात आणि गांडुळे खातात. त्यांचे कूळ कोणते, यावर शास्त्रज्ञांचे एकमत होत नव्हते. २०१८ साली व्ही. दीपक, सारा रुआन आणि डेव्हिड गोवर यांनी त्यांच्या जनुकद्रव्याचा अभ्यास केला, आणि उत्तर निघाले ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. झायलोफिसचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे दूर ईशान्येकडे आणि आग्नेय आशियात झाडाझुडपांवर गोगलगायी शोधणारे पारेयास आणि त्यांचे भाऊबंद! एक मातीखाली, दुसरा फांदीवर. एकाचे अन्न गांडूळ, दुसऱ्याचे गोगलगाय. मध्ये हजारो किलोमीटरांचे अंतर. तरी घराणे एक. या झायलोफिसांपैकी एका जातीला पुण्याचे सर्पतज्ज्ञ अशोक कॅप्टन यांचे नाव २००७ साली देण्यात आले आहे.

हे काम संपलेले नाही. २०२० साली अरुणाचल प्रदेशातून पारेयासची एक नवी जाती जगापुढे आली. तिचे नाव पारेयास कडूरी. वन्यजीवांवर चित्रपट काढणारे संदेश कडूर यांच्या सन्मानार्थ ते दिलेले आहे. तिचे वर्णन करणाऱ्यांत हर्षल भोसले, पुष्कर फणसळकर, मंदार सावंत, गौरांग गोवंडे, हर्षिल पटेल आणि झीशान मिर्झा हे तरुण अभ्यासक होते. यांतली कित्येक नावे तुमच्या हजेरीपटावर शोभतील अशीच आहेत की नाही? गोगलगाय खाणारा एक साप सापडला, एवढ्यावर ही मंडळी थांबली नाहीत. त्याचे खवले मोजले, ओळखीच्या जातींशी एकेक लक्षण ताडून पाहिले, जनुकद्रव्य तपासले, आणि मगच म्हणाले, हा निराळा आहे.

आता माझे मत सांगतो. शाळेत आपण वर्गीकरण शिकतो ते शिडीसारखे: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. परीक्षेत ते क्रमाने लिहिले की दोन गुण मिळतात. या पाठांतराने एक चुकीची समजूत मनात बसते. ती अशी, की वर्गीकरण म्हणजे कोणीतरी केव्हाच करून ठेवलेली फडताळे आहेत आणि आपले काम फक्त त्यांवरच्या चिठ्ठ्या वाचण्याचे आहे. वास्तविक वर्गीकरण म्हणजे नात्यांविषयी केलेले एक विधान आहे, आणि प्रत्येक विधानाप्रमाणे त्याला पुरावा लागतो. नवा पुरावा आला की ते बदलते. बूलेंजर चुकले, म्हणून ते लहान ठरत नाहीत. त्यांनी आपली लक्षणे इतकी स्वच्छ लिहून ठेवली होती की पुढच्यांना त्यांची चूक शोधता आली. असे चुकायलाही मोठी योग्यता लागते.

हे फक्त विद्वानांपुरते असते तर मी तुमचा वेळ घेतला नसता. आता कुंपणापाशी पडलेल्या त्या पुराव्याकडे वळू या.

तास सुटल्यावर मुले मला मागच्या कुंपणाकडे घेऊन गेली. तिथे सकाळी मारलेला एक साप पडला होता. "मण्यार होती सर," सगळे एका सुरात म्हणाले. तपकिरी अंग, त्यावर पांढरट पट्टे. मी काडीने तो उलटसुलट करून पाहिला. पट्टे मानेपासूनच सुरू झाले होते आणि शेपटीकडे फिके होत नाहीसे झाले होते. मण्यारीचे उलट असते. तिचे पट्टे बहुधा मानेच्या बरेच मागून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत जातात. पाठीच्या कण्यावरच्या खवल्यांची ओळ पाहिली. मण्यारीत ती शेजारच्या ओळींहून ठळकपणे मोठी आणि षटकोनी असते. इथे ती इतरांसारखीच होती. शेपटीखालचे खवले पाहिले. मण्यारीत ते एकेरी असतात, इथे दुहेरी होते. तो कवड्या होता. पाली खाणारा बिनविषारी साप. त्याला मृत्यू आला तो पट्ट्यांमुळे. बूलेंजरना हनुवटीने फसवले, आपल्या मुलांना पट्ट्यांनी. फरक एवढाच, की तिथे चूक कागदावर राहिली आणि इथे एक जीव गेला.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. ज्याला कवड्या म्हणून कोणी हातात धरील तो मण्यार निघाला तर? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. म्हणजे दर वर्षी सरासरी ५८ हजार. यांतले बहुसंख्य मृत्यू खेड्यांतले. एका लक्षणावरून ओळख पटवण्याची सवय दोन्हीकडून मारते, कधी सापाला तर कधी माणसाला.

एकच लक्षण किती फसवे असते ते एका आकड्याने सांगतो. पारेयासच्या पाठीवर, अंगाच्या मध्यावर मोजल्यास, खवल्यांच्या १५ ओळी भरतात. आपल्या मण्यारीच्याही बहुधा १५ भरतात! एक निरुपद्रवी गोगलगायखाऊ, दुसरी आपल्या देशातल्या सर्वांत जहाल विषारी सापांपैकी एक. आकडा तोच. तेव्हा १५ मोजून थांबणारा आणि पट्टे पाहून काठी उचलणारा, यांच्यात फारसे अंतर नाही. चार लक्षणे एका माळेत आली, तरच ओळख पक्की होते.

म्हणून माझी विज्ञान शिक्षकांना एक विनंती आहे. प्रत्येक शाळेत सापांच्या कातीची एक वही असावी. जिवंत साप नको, मेलेला साप बाटलीत नको. नुसती कात. शेताच्या बांधावर, विटांच्या ढिगाऱ्यात, गोठ्याच्या कुडात साप कात टाकून जातो. तिच्यात विष नसते आणि ती चावत नाही. मात्र कात दिसली तर ती बिळात किंवा फटीत हात घालून ओढू नये. जवळपास साप नाही याची मोठ्यांकडून खात्री करून घ्यावी, लांब काडीने ती उचलावी आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. कातीत सापाचे रंग जवळजवळ नाहीसे होतात, म्हणजे फसवणारी गोष्टच निघून जाते. खवले मात्र एकूण एक राहतात. डोळ्यावरचे पारदर्शक झाकणसुद्धा! कात ओली करून हलक्या हाताने कागदावर पसरा. मध्यभागी पाठीच्या ओळी मोजा. कण्यावरची ओळ मोठी आहे का पाहा. शेपटीखालचे खवले एकेरी की दुहेरी ते लिहा. गाव, तारीख आणि जागा लिहा. कातीची लांबी लिहाल तेव्हा एवढे ध्यानात ठेवा, की कात निघताना ताणली जाते, म्हणून ती सापाहून लांब भरते.

शेवटच्या रकान्यात नाव लिहायचे. आणि इथे माझा खरा आग्रह आहे. नाव कळले नाही तर "ओळख पटली नाही" असे लिहा, आणि शिक्षकांनी त्याला पूर्ण गुण द्यावेत. दडपून लिहिलेल्या खोट्या नावापेक्षा हे तीन शब्द अधिक शास्त्रीय आहेत. झायलोफिसपुढे कितीतरी वर्षे हेच तीन शब्द लिहायला हवे होते.

काही शिक्षक म्हणतील, मुले कात शोधायला जातील आणि सापाच्या वाटेला जातील. ही भीती खोटी नाही. पण खेड्यातली मुले आजही सापाच्या वाटेला जातातच, फक्त हातात वहीऐवजी दगड असतो. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, साप पकडणे किंवा मारणे हा खेळ नाही, हेही त्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहिता येईल. आणि त्याच पानावर दुसरी सूचना मोठ्या अक्षरांत हवी: साप चावला तर ओळख पटवत बसू नका. त्याला शोधू नका, मारू नका. दंश झालेला भाग हलू न देता माणसाला तडक जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते. डॉक्टरांना रुग्ण लवकर हवा असतो, साप नको असतो. ओळखीचा अभ्यास सवडीचा, शांत वेळेचा आहे.

आता त्या मागच्या बाकावरच्या मुलाला दिलेले उत्तर. मी त्याला म्हणालो, "असे साप आहेत. पण आपल्या विदर्भात केवळ गोगलगायींवर जगणारा साप नाही, आणि बाहेरून आणून सोडायचाही नाही." त्याने विचारले, "काहून?" तेव्हा मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली अशी: जी आफ्रिकी गोगलगाय सोयाबीन खाते, ती मुळात आपल्याकडची नव्हतीच. १८४७ साली बेन्सन नावाच्या एका शंखप्रेमी इंग्रज गृहस्थाने ती मॉरिशसहून कोलकात्यात आणली, आणि तिथून ती पसरली. दुसरी अशी: हीच गोगलगाय हवाई बेटांवर शेते खाऊ लागली, तेव्हा तिला खाणारी एक शिकारी गोगलगाय १९५५ साली तिथे आणून सोडण्यात आली. नाव 'गोगलगाय खाणारी', म्हणून काम होणारच असे वाटले. ती खात मात्र सुटली ती त्या बेटांवरच्या लहान, निरुपद्रवी, जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या गोगलगायींना. १९७७ साली तिला प्रशांत महासागरातल्या मोरिया बेटावर नेले, आणि थोड्याच वर्षांत तिथल्या रानातल्या पार्तुला गोगलगायी संपून गेल्या. ती काय खाते हे माणसांनी विचारले होते. ती कोण आहे, कोठली आहे, कोणासोबत वाढली आहे, हे विचारले नव्हते.

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजे सर, आदी वळख पायजे."

विद्यार्थी मित्रांनो, एवढा लेख लिहून मला जे सांगायचे होते ते त्याने चार शब्दांत सांगितले. आधी ओळख पाहिजे. मारण्याआधी, पकडण्याआधी, आणण्याआधी आणि नाव देण्याआधीही. या पावसाळ्यात तुमच्या बांधावर एखादी कात पडलेली दिसेल. तिच्यावरच्या ओळी मोजायला वही तयार ठेवा.